आगामी आबा

त्यांच्या कार्डावर नाव बारीक होतं आणि 'आगामी' हा शब्द ठसठशीत. मजकूर असा: निर्माता व दिग्दर्शक, आगामी संगणकीय कौटुंबिक विज्ञान विनोदी चित्रपट. चित्रपटाला नाव नव्हतं. नाव आधी ठेवलं की लोक नावावरच भांडत बसतात आणि काम राहून जातं, असं त्यांचं म्हणणं. फ्लेक्स मात्र लागला होता. बारामती एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या गोडाऊनवर, आमच्या स्टुडिओच्या खिडकीखाली, चार उन्हाळे सोसून फिकट पडलेला: 'लवकरच येत आहे'. त्यामुळे बारामतीपासून इंदापूरकडच्या त्यांच्या गावापर्यंत सगळे त्यांना 'आगामी आबा' म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

"आपल्याकडं मानूस माजी व्हतो," ते म्हणायचे. "माजी सरपंच, माजी संचालक, माजी सभापती. आगामी कुणाला म्हणत्यात, सांग बरं."

मी तेव्हा त्यांच्याकडे नोकरीला होते. कागदावर माझं पद 'ॲनिमेशन विभागप्रमुख' असं होतं, आणि विभागात मी एकटी होते.

पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स करून मी घरी परतले होते आणि रिकामी बसले होते. माझे वडील एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी त्यांची इच्छा होती, पण रोज ड्यूटीवर जाताना मोटारसायकलवरून तो फ्लेक्स दिसायचा. एके दिवशी ते म्हणाले, "तो कार्टूनवाला माणूस आहे ना, त्याला विचारून बघ. नाहीच जमलं तर फॉर्म भरायचे आहेतच." मी माझं काम पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. आबांनी तो पेन ड्राइव्ह हातात घेऊन बघितला, वजन केल्यासारखा, आणि परत दिला.

"ऊस जवळनं बघितलाय का?" त्यांनी विचारलं.

"खाल्लाय," मी म्हणाले.

"खानारं लई हायत. चल, बस गाडीवर."

ही माझी मुलाखत. साठी ओलांडलेला माणूस, पांढरा शर्ट-पायजमा, खिशात पेनाऐवजी मोजायची टेप. मोटारसायकल भवानीनगरच्या पुढे इंदापूरच्या बाजूला निघाली. वाटेत एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस भरून डुलत चालला होता, त्याच्या मागे गाडी लावून आबा मला ओरडून शिकवू लागले की उसाच्या वाळल्या पानांना पाचट म्हणतात आणि हिरव्या शेंड्यांना वाढं. माझा पगार किती हे विचारायचं राहून गेलं.

आबांनी तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली होती. कोणता कारखाना ते मी सांगत नाही. आमच्या भागात कारखान्याचं नाव घेतलं की मूळ विषय संध्याकाळपर्यंत परत येत नाही. आबांचं काम होतं लागणीची नोंद करण्याचं. कुणाच्या रानात कधी ऊस लागला ते बघायचं, रान मोजायचं, तारीख वहीत लिहायची. पुढं गाळपाच्या हंगामात त्याच तारखांच्या क्रमानं ऊसतोडणीची टोळी आणि गाडी पाठवली जाते. त्याला तोड मिळणं म्हणतात. तोड मिळाली की माणूस सुटला.

निवृत्त झाले तरी टेप सुटली नव्हती. हॉटेलात चहा येईपर्यंत ते टेबल मोजत. एकदा आमच्या घरी आले आणि आईनं केलेले पोहे खायच्या आधी दाराची चौकट मोजून म्हणाले, "डाव्या अंगाला अर्धा इंच खाली हाय." आईनं ते मनाला लावून घेतलं. ती अजून त्या दारातून जाताना खाली बघते.

तर त्या दिवशी गाडी थांबली ती एका डाळिंबाच्या बागेपाशी. मला वाटलं ऊस पलीकडं असेल. नव्हता. आबांनी बांधावरून टेप माझ्याकडे फेकली आणि आम्ही कडुनिंबाचं झाड मोजलं, विजेचा खांब मोजला, बांधाचा उतार मोजला, मोटरीची खोली मोजली. सिनेमातलं परग्रहावरचं यान ह्याच रानात उतरणार होतं.

"पण इथं तर डाळिंब आहे," मी म्हणाले.

"तवा ऊस हुता," ते म्हणाले, आणि बांधावरून आत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही.

बागेतून एक बाई आल्या. साठीच्याच, डोक्यावर पदर, हातात छाटणीची कात्री. त्या कमलमावशी, त्या रानाच्या मालकीण. आबांकडे बघून म्हणाल्या, "काय मोजताय? तवाचं मोजायचं ऱ्हायलंय व्हय?" आबांना टेप गुंडाळायची एकदम घाई झाली.

ह्या बाईंना तो सिनेमा दाखवायचा, एवढ्यासाठीच आबांनी हा सगळा खटाटोप मांडला होता. मला ते फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसता वेडेपणा वाटेल. मला चार वर्षं तसंच वाटत होतं.

पहिली दोन वर्षं आम्ही फक्त ऊस केला. मी थट्टा करत नाही. पात्र नाही, गोष्ट नाही, यान नाही. ऊस. पान कुठं मोडतं, कांडं किती लांब असतं, वारा आला की आधी शेंडा हलतो की पान. मग यान मी एका दुपारी केलं. वडलांच्या कारखान्यातल्या दुधाच्या कॅनला चार पाय लावले आणि वर एक दिवा बसवला. आबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "झ्याक हाय."

"एवढंच? सुधारायचं नाही काही?"

"यान कुणी बघितलंय?" आबा म्हणाले. "ते कसंबी काढ. ऊस खोटा दिसला तर मानूस उठून जाईल."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. मी यानाला रंग द्यायला बसले की मागून आवाज यायचा, यान कुणी बघितलंय. आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे सिद्ध व्हायला वेळ लागला नाही. खाली गोडाऊनमध्ये पेंड न्यायला शेतकरी यायचे. आबा त्यांना वर बोलावून स्क्रीनवरचा ऊस दाखवायचे. मग जातीवरून वाद व्हायचा, एक जण म्हणायचा हा शहाऐंशी हाय, दुसरा म्हणायचा दोनशे पासष्ट. तिसरा स्क्रीनला बोट लावून सांगायचा की दुसऱ्या सरीला पाणी कमी पडलंय. त्याच्या शेजारी दुधाच्या कॅनमधून परग्रहावरचं कुटुंब उतरत असायचं, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

परग्रहावरच्यांना 'एलियन' म्हणायला स्टुडिओत बंदी होती. त्यांना पावणं म्हणायचं. आबांचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे, आबाही लहानपणी त्यांच्याबरोबर उघड्यावर झोपलेले. वडील आभाळाकडे बोट दाखवून सांगत की तिकडंही कुणीतरी मेंढरं वळत असणार, आणि त्यातलं कुणी वाट चुकून आपल्याकडं आलं तर आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. आबांच्या सिनेमाची गोष्ट एवढीच होती. पावणं येतात, एक म्हातारा मेंढपाळ त्यांना तांब्याभर पाणी देतो. बाकी सगळं त्याच्या भोवती रचायचं होतं.

सिनेमा कौटुंबिक असल्यामुळे पावण्यांत सासू पाहिजे, ह्यावर ते ठाम होते. म्हणून नवरा, बायको आणि सासू असे तिघं परग्रहावरून आले. विनोदी असल्यामुळे विनोदाची एक वही होती. आबा स्वतः कधी हसल्याचं मला आठवत नाही. ते विनोद वहीत लिहायचे, खाली जाऊन हमालांना वाचून दाखवायचे आणि दोघं हसले तरच पुढं बरोबरची खूण करायचे. चार वर्षांत नऊ खुणा झाल्या. त्यातल्या चार विनोदांना हमाल हसले नव्हते, आबा ज्या पद्धतीनं वाचत होते त्याला हसले होते, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी नाना आले. नाना म्हणजे ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक. कारखान्याची निवडणूक जवळ आली होती आणि सत्ताधारी पॅनेलमधून उभं राहायची त्यांची तयारी चालली होती. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आपल्या भागात सिनेमा बनतोय आणि त्यात कुणाचाच फोटो नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी तीन नवेकोरे संगणक पाठवले, एसी बसवून दिला आणि एक विनंती केली.

"पावनं आलं म्हंजे सत्कार पायजेल," नाना म्हणाले. "एवढ्या लांबनं आल्यात."

आबांना हे पटल्यासारखं वाटलं. संगणक चांगले होते. आमच्या जुन्या संगणकाला एक चित्र तयार करायला मी खाली जाऊन चहा पिऊन येईपर्यंतचा वेळ लागायचा, आणि सिनेमाच्या एका सेकंदाला तसली चोवीस चित्रं लागतात. तेव्हा मी व्यासपीठ बांधलं. चौदा खुर्च्या. मधली नानांची. प्रत्येक खुर्चीवर कोण बसणार त्याची यादी नानांकडून यायची आणि आठवड्याला बदलायची, कारण कोण कुणाच्या गटात आहे हे आठवड्याला बदलत होतं. मी एका जणाला उचलून डावीकडं ठेवायचे, दुसऱ्याला काढून टाकायचे, तिसऱ्याला फेटा बांधायचे. एकदा एका गृहस्थांना सकाळी काढलं आणि दुपारी परत बसवलं. खऱ्या व्यासपीठावर हे इतकं सोपं असतं तर तालुक्यातली निम्मी भांडणं मिटली असती.

खरी अडचण शालीची झाली. पावण्यांना खांदेच नव्हते. मी त्यांना मुळ्यासारखे काढले होते, खाली जाड आणि वर निमुळते. नाना स्क्रीनवर पुढं येऊन सासूला शाल घालायचे आणि शाल सरळ खाली जमिनीवर यायची. कापड कसं पडावं हे संगणक स्वतः ठरवतो, त्याला नानांची भीड नव्हती. दोन आठवडे ती शाल घसरत राहिली.

"मग खांदे द्या की त्यास्नी," नाना म्हणाले.

"खांदे दिल्यावर आपल्यासारखेच दिसत्याल," आबा म्हणाले. "मग यवढ्या लांबनं कशाला आलं ते?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेफ्टी पिन लाव मागनं."

मी सासूच्या पाठीला सेफ्टी पिन लावली. शाल राहिली. नारळही दिला. पाण्याचा प्रसंग मात्र अजून व्हायचा होता, कारण सत्कारच संपत नव्हता.

निवडणूक आली तशी नानांना घाई झाली. निदान चाळीस सेकंदांचा ट्रेलर तरी द्या, म्हणाले. आबांच्या घरी लग्न होतं, ते आठवडाभर नव्हते, तेव्हा तो मी एकटीनं केला. आणि त्यात माझ्या मनानं एक गोष्ट घातली. थंडीत एसटीनं जाताना भवानीनगरच्या आसपास खिडकीतून उसाला आलेले तुरे मी बघायचे, पांढरेशुभ्र, चांदण्यात धरले तर चांदीचे वाटतील असे. मी सगळ्या उसाला तुरे लावले. वर चंद्र, खाली तुरे, मधून हळूच उतरणारा दुधाचा कॅन. मला स्वतःचंच काम बघून भरून आलं होतं. आबांनी लग्नावरून आल्यावर तो ट्रेलर तीनदा बघितला. मग म्हणाले, "जाऊ दे."

गेला. नानांनी तो तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. उसाला तुरा येणं म्हणजे त्याची वाढ संपली. तो आता लगेच तोडला पाहिजे, नाहीतर आतून पोकळ पडतो, वजन जातं. तेव्हा चांदण्यात डोलणारं तुऱ्यांचं रान बघून आमच्याकडच्या माणसाच्या मनात सौंदर्य येत नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: ह्याला तोड का मिळाली नाही?

चाळीस सेकंदांत परग्रहावरून यान येतं, घिरट्या घालतं, उतरतं, दार उघडतं आणि आतून सासू बाहेर येते. ह्यातलं काही कुणाला दिसलं नाही. सगळ्यांना तुरा दिसला. 'कुठल्या गटातला ऊस हाय हा?' 'नोंद कवाची?' 'आमच्या शेजाऱ्याचं आसंच झालंय.' संध्याकाळपर्यंत विरोधी पॅनेलनं त्या चित्राचं पोस्टर केलं: सत्ताधाऱ्यांच्या सिनेमातसुद्धा ऊस उभाच. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शेतकी खात्यातला एक साहेब फाइल घेऊन आमच्या जिन्यावर हजर झाला. सदर ऊस आमच्या कार्यक्षेत्रातला नाही, एवढं आबांनी लिहून द्यावं, अशी त्याची मागणी होती.

"तो सिनेमातला ऊस आहे," मी म्हणाले.

"ते ठीक हाय मॅडम. पण गट नंबर काय?"

आबांनी लिहून दिलं नाही. साहेब गेला आणि नाना आले. ते बसले नाहीत.

"तुरा काढा," ते म्हणाले. माझ्याकडे बघून विचारलं, "किती येळाचं काम हाय?"

"अर्ध्या तासाचं," मी म्हणाले. ते खरं होतं.

"आयका आबा. चार वरसं झाली, लोक हसत्यात तुमाला. तुरा काढा, पुढचा सगळा पिक्चर मी पुरा करून देतो, थेटरात लावून देतो. तुरा ठिवला तर उद्या गाडी पाठवतो, कंप्युटर घिऊन जाईल."

मी माउसवर हात ठेवून तयार बसले होते. चूक माझी होती, अर्ध्या तासात निस्तरणार होती. आबांनी खिशातून टेप काढली आणि समोरचं टेबल मोजलं. आधी लांबी, मग रुंदी. मग म्हणाले, "न्या."

नाना गेल्यावर मी चिडले. एवढी चिडले की आबा हा शब्द न वापरता बोलले. तुम्हाला सिनेमा पुरा करायचाच नाही, तुम्हाला आगामीच राहायचंय, असं काहीबाही. ते ऐकून घेत होते. खाली हमाल पोती उतरवत होते त्याचा धप धप आवाज येत होता.

"तुरा मी पयल्याच दिवशी बघितला," ते म्हणाले. "लग्नावनं आलो तवाच. मला कळलं न्हाय आसं वाटलं व्हय तुला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तीस वरसं तुरा बघितला की मी दुसऱ्या वाटंनं जायचो. शिव्या यायच्या पाठोपाठ. तुज्या चित्रात बघितला आनि वाटलं, चांगला दिसतोय की."

मग त्यांनी कमलमावशींचं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी त्या रानात ऊस होता. नोंदीप्रमाणं तोड आधी त्यांनाच मिळायची होती. एका संचालकाच्या मेव्हण्याचा ऊस मागं होता, तो आधी न्यायचा निरोप आला. आबांनी वहीत मावशींची तारीख महिनाभर पुढची केली, मेव्हण्याचा ऊस आधी गेला.

"दुरुस्ती लाल शाईनं करायची आसती, मी निळ्याच शाईनं केली," आबा म्हणाले. "कुनालाच कळलं न्हाय."

मावशी तीनदा ऑफिसात आल्या होत्या. उन्हातनं, चालत. आबा खुर्चीत बसून म्हणाले, नंबर येईल तवा येईल. बसाही म्हणाले नाहीत. "पानी बी इचारलं न्हाय," ते म्हणाले, आणि तीस वर्षांच्या नोकरीतली ही एक गोष्ट त्यांना सगळ्यात जड जात होती हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. ऊस तुऱ्यावर गेला, हंगाम संपला, टोळी आलीच नाही. मावशींनी तो पोकळ ऊस जनावरांना घातला आणि रानात डाळिंब लावलं. डाळिंबानं त्यांचं चांगलंच भलं केलं, पुढं बंगलाही झाला. पण आबांना त्याचा काही उपयोग नव्हता.

"मग जाऊन सांगायचं ना सरळ," मी म्हणाले. "त्यासाठी परग्रहावरून माणसं कशाला आणायची?"

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. "सरळ सांगायला जमलं आसतं तर पिक्चर काढला आसता व्हय," ते म्हणाले.

संगणक गेले. एसीही गेला, भिंतीत भोक राहिलं. जुन्या संगणकावर सगळं मिळून सात मिनिटं चालेल एवढाच सिनेमा हाती उरला होता. आबांनी त्यातला सत्कार काढून टाकला, चौदाच्या चौदा खुर्च्या. त्या जागी पाण्याचा प्रसंग घातला. तो आम्ही तीन महिने करत होतो, एकेक चित्र, खाली चहा पिऊन पिऊन. माझा पगार ह्या काळात कधी पेंडीच्या पोत्यात आला, कधी आलाच नाही. वडील म्हणाले, "बँकेचे फॉर्म निघालेत." मी म्हणाले, सात मिनिटं होऊ देत.

आबांच्या गावात दाखवायला हॉल मिळाला नाही, तो नानांच्या पॅनेलवाल्यांच्या ताब्यात होता. शेवटी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये ठरवलं. तिथं वर्गणी काढून घेतलेला प्रोजेक्टर आहे, जयंतीला आणि दहावीच्या मार्गदर्शनाला वापरतात. वडलांनी खुर्च्या लावल्या. कमलमावशींना बोलवायला मीच गेले. त्या छाटणी करत होत्या. ऐकून घेऊन म्हणाल्या, "येते. पन मला पुढं बसवू नगा. आनि सत्कार तर बिलकूल न्हाय."

त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या. आबा भिंतीला टेकून उभे राहिले. अंधार झाला आणि सुरू झालं.

रान दिसलं. कडुनिंब, खांब, मोटरीची खोली, आणि उसावर पांढरे तुरे. हॉलमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं दोनशे पासष्ट, कुणी म्हणालं ह्याची तोड चुकली. यान उतरलं, चारपाच सऱ्या मोडल्या, त्यावर एकानं हळहळ केली. पावणं उतरले. सासू पाठमोरी झाली आणि मला तिच्या पाठीवर ती सेफ्टी पिन दिसली. शाल काढली होती, पिन काढायची राहिली होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा म्हातारा मेंढपाळ पुढं आला होता. तो काही विचारत नाही. कमरेचा तांब्या सोडून सासूपुढं धरतो. तिला प्यायचं कसं ते कळत नाही, ती आधी बोट बुडवते, मग दुसरं, मग तिघंही आपली बोटं बुडवतात आणि हसतात. तिथं संपतं.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अजून पुढं असेल असं सगळ्यांना वाटलं. मग ज्यांना ते रान ओळखू आलं होतं ते एकेक करून मागच्या रांगेकडं वळून बघू लागले. कमलमावशी पदर सावरत होत्या.

"तुरा बराबर हाय," त्या म्हणाल्या. "लिंब बी तितंच हाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तेवढ्या लांबनं यान आलं. टोळी काय आली न्हाय."

सगळा हॉल हसला. चार वर्षांत आबांच्या सिनेमाला एवढी माणसं पहिल्यांदाच हसली, आणि तो विनोद वहीत नव्हता. आबा हसले नाहीत. ते भिंतीपासून पुढं आले, सगळ्यांच्या मधोमध.

"चूक माजी हुती," ते म्हणाले. "नोंद मी पुढं ढकलली हुती. तुमचा नंबर आधी हुता."

हसणं थांबलं.

"म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. "त्याच वरसी कळलं हुतं. म्या म्हटलं बघावं, कवा सांगत्यात."

हॉलच्या कोपऱ्यात पाण्याचा जार होता. आबा तिकडं गेले, स्टीलचा पेला घेतला, विसळला, परत विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी धरून खुर्च्यांच्या रांगांमधून मागं घेऊन आले. थोडं सांडलं. मावशींनी पेला घेतला आणि सगळा पिऊन टाकला. रिकामा पेला परत देताना विचारलं, "आनि पुरा पिक्चर कवा येनार हाय?"

"आला," आबा म्हणाले. "यवढाच हाय."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. माझ्याकडे पेन मागितलं. कार्डावरच्या 'आगामी' या शब्दावर त्यांनी एक रेघ मारली, टेप लावल्यासारखी सरळ, निळ्याच शाईची, आणि ते कार्ड मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ते लांब धरून वाचलं, एकदा उलटून मागं बघितलं, मग कमरेची पिशवी सोडली आणि सुपारीशेजारी ठेवून दिलं.